गाल्टनने काय मोजले आणि काय मोजले नाही

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

१८८४ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात आरोग्यविषयक आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. त्या प्रदर्शनात छत्तीस फूट लांब आणि सहा फूट रुंद अशी एक चिंचोळी जागा जाळी लावून वेगळी काढलेली होती. दाराशी तीन पेन्स भरायचे, आत शिरायचे आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जायचे. वाटेत उभ्याची उंची, बसलेल्याची उंची, पसरलेल्या हातांचे अंतर, वजन, फुप्फुसांत मावणारी हवा, मुठीची पकड, ओढण्याची ताकद, ठोशाचा वेग, नजरेचा पल्ला, रंगांची पारख आणि अगदी वरच्या पट्टीतले सूर ऐकू येण्याची मर्यादा अशी मापे घेतली जात. शेवटी मापांचे कार्ड हाती पडे आणि त्याची नक्कल प्रयोगशाळेच्या दप्तरात राही. प्रदर्शन संपेपर्यंत ९,३३७ माणसांची नोंद झाली. ही प्रयोगशाळा उभी करणारा, तिची उपकरणे स्वतः आखणारा माणूस म्हणजे फ्रान्सिस गाल्टन. याच माणसाने आदल्या वर्षी, १८८३ साली, माणसांची पैदास सुधारण्याच्या विद्येला ‘युजेनिक्स’ हे नाव दिले होते. मराठीत आपण तिला सुप्रजननशास्त्र म्हणत आलो आहोत.

गाल्टनविषयी बोलताना त्याचे दोन तुकडे करण्याची पद्धत आहे. एक गाल्टन हवामानाचे नकाशे काढणारा, बोटांच्या ठशांचे शास्त्र पक्के करणारा, सहसंबंधाचे, म्हणजे दोन मापे एकमेकांबरोबर किती बदलतात याचे, गणित शोधणारा, आणि म्हणून आदरणीय. दुसरा गाल्टन सुप्रजननाच्या नादी लागलेला, आणि तो जणू पहिल्याच्या उतारवयातला भ्रम. ही वाटणी मला मान्य नाही. आनुवंशिक बुद्धिमत्तेवरचा त्याचा पहिला लेख १८६५ सालचा आहे. त्या वेळी तो त्रेचाळीस वर्षांचा होता आणि त्याचे संख्याशास्त्रातले मोठे शोध अजून लागायचे होते. ते शोध त्याने सुप्रजननासाठीच लावले. हत्यार आणि हेतू एकाच भट्टीतून निघाले. मात्र त्याची हत्यारे जिथे प्रामाणिकपणे चालली तिथे त्यांनी जवळजवळ दर वेळी त्याच्या मताविरुद्ध साक्ष दिली, आणि जिथे त्याला आपले मत टिकवायचे होते तिथे त्याने काही मोजलेच नाही. समाजाने आधीच करून ठेवलेली प्रतवारी त्याने उचलली आणि तिला निसर्गाचे माप म्हटले. मला आज जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. मात्र ते नुसते सांगून भागणार नाही, त्याच्या कामातून ते दाखवावे लागेल.

चरित्र थोडक्यात सांगतो. गाल्टनचा जन्म १६ फेब्रुवारी १८२२ रोजी बर्मिंगहॅमजवळ झाला. आजोबांचा बंदुका बनवण्याचा कारखाना, वडील बँकेच्या व्यवसायात, आई व्हायोलेटा ही इरॅस्मस डार्विनची मुलगी. त्यामुळे चार्ल्स डार्विन हा त्याचा सावत्र नात्याने मामेभाऊ. त्याने आधी वैद्यकाचे शिक्षण घेतले, मग केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गणित घेतले. पण तिथे प्रकृती ढासळली आणि ऑनर्सशिवाय साधी पदवी घेऊन तो बाहेर पडला. १८४४ साली वडील वारले आणि पोटासाठी काम करण्याची गरज कायमची संपली. १८५० ते १८५२ या काळात त्याने आफ्रिकेच्या नैर्ऋत्य भागात, म्हणजे आजच्या नामिबियात, प्रवास केला आणि त्या प्रवासाच्या नकाशांबद्दल त्याला रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. हा मुलूख लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे परत यावे लागणार आहे. १८५३ साली लुईझा बटलरशी त्याचा विवाह झाला. त्यांना मूल झाले नाही.

आता १८६९ सालच्या त्याच्या ग्रंथाकडे येऊ, कारण पुढच्या सगळ्याचे मूळ तिथे आहे. प्रतिभा रक्तातून उतरते हे त्याला सिद्ध करायचे होते. त्यासाठी त्याने इंग्लंडचे न्यायाधीश, मुत्सद्दी, सेनापती, लेखक, शास्त्रज्ञ, कवी, चित्रकार, धर्मोपदेशक यांच्या वंशावळी तपासल्या. एखादा माणूस ‘श्रेष्ठ’ कोणता हे ठरवायला त्याने चरित्रकोश आणि वर्तमानपत्रांतले मृत्युलेख वापरले आणि दहा लाखांमागे सुमारे अडीचशे असे या श्रेष्ठांचे प्रमाण धरले. १६६० ते १८६५ या दोन शतकांत इंग्लंडमध्ये २८६ न्यायाधीश झाले. त्यांच्यातला नऊ जणांमागे एकाहून अधिक माणूस दुसऱ्या एखाद्या न्यायाधीशाचा बाप, मुलगा किंवा भाऊ होता. हे प्रमाण योगायोगाने येणे शक्य नाही, असे गाल्टन म्हणतो, आणि ते खरेच आहे.

पण ते कशामुळे आले? न्यायाधीशाच्या मुलाला लंडनच्या वकिलांच्या संस्थांमध्ये प्रवेश मिळत होता, पक्षकार घरी येत होते, बापाच्या ओळखीचे सॉलिसिटर पहिली प्रकरणे हातात देत होते. हा आक्षेप येणार हे गाल्टनला माहीत होते. त्याने त्याला उत्तर देण्याचा एक खरोखर चतुर मार्ग सुचवला. पूर्वीच्या पोपांमध्ये आपल्या पुतण्या-भाच्यांना दत्तकासारखे वाढवण्याची चाल होती. या मुलांना मोठ्या माणसाच्या घरचे सगळे लाभ मिळत, पण रक्ताचे नाते मुलाइतके जवळचे नसे. तेव्हा प्रतिष्ठित बापांचे मुलगे आणि पोपांचे पुतणे यांची तुलना केली, तर घरच्या परिस्थितीचा वाटा किती आणि रक्ताचा किती हे कळेल. कल्पना उत्तम आहे. आजच्या दत्तक मुलांच्या अभ्यासाचे बीज तिच्यात आहे. आता पुढचे पाहा. पुतण्यांचे यश मुलांच्या तुलनेत फार कमी भरते, असा निष्कर्ष त्याने त्याच परिच्छेदात देऊन टाकला, आणि इटालियन घराण्यांची नातीगोती आपण विशेष काळजीपूर्वक तपासल्याचा दावा करत नाही, असेही तिथेच लिहिले. ना तक्ता, ना नावे, ना संख्या. ज्या माणसाने २८६ न्यायाधीशांची वंशावळ शोधली त्याने सगळ्या ग्रंथाचा भार ज्या एका तुलनेवर होता तीच तुलना केली नाही. मला हा परिच्छेद त्याच्या साऱ्या आयुष्याचा नमुना वाटतो.

त्याच ग्रंथात मानववंशांची प्रतवारी करणारे एक प्रकरण आहे. प्राचीन अथेन्सचे लोक त्याच्या काळच्या इंग्रजांपेक्षा दोन पायऱ्या वर आणि आफ्रिकेचे लोक दोन पायऱ्या खाली, असे तो आकड्यांच्या भाषेत सांगतो. आधार काय, तर प्रवाशांची मते आणि स्वतःचे नैर्ऋत्य आफ्रिकेतले ग्रह. चार वर्षांनी, १८७३ साली, त्याने ‘टाइम्स’ला पत्र लिहून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर चिनी लोकांची वसाहत करावी, म्हणजे ते वाढतील आणि तिथल्या मूळ रहिवाशांना हटवतील, अशी सूचना केली. मोजमापाला अजून सुरुवातही झाली नव्हती. निर्णय झाला होता.

त्याला समकालीन उत्तर मिळाले नाही असे कोणी समजू नये. चार्ल्स डार्विनने ग्रंथाचे कौतुक केले, पण मूर्ख सोडले तर माणसांमाणसांत बुद्धीचा फारसा फरक नसतो, फरक असतो तो चिकाटीचा आणि कष्टाचा, असे आपले आजवरचे मत होते, हेही त्याने गाल्टनला लिहिले. खरे सविस्तर उत्तर जिनिव्हाहून आले. आल्फोन्स द कांदोल हा स्वतः नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ आणि नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञाचा मुलगा, म्हणजे गाल्टनच्या सिद्धांताचे जिवंत उदाहरण म्हणावे असा गृहस्थ. त्याने १८७३ साली युरोपातील मोठ्या विज्ञान अकादम्यांनी दोन शतकांत निवडलेल्या परदेशी सभासदांची देशवार मोजदाद प्रसिद्ध केली. छोट्या स्वित्झर्लंडचा वाटा लोकसंख्येच्या मानाने फार मोठा निघाला. मग कोणत्या समाजातून शास्त्रज्ञ निपजतात, याची त्याने छाननी केली: शिक्षणाची सोय, मत मांडण्याचे स्वातंत्र्य, धर्मसत्तेचा धाक नसणे, ग्रंथालये आणि वेधशाळा हाताशी असणे, ज्ञानाला मान देणारे कुटुंब. रक्त तेच राहते, पण देशाची परिस्थिती पालटली की दोन पिढ्यांत शास्त्रज्ञांची संख्या पालटते, हे त्याने दाखवले. गाल्टनने उत्तरादाखल रॉयल सोसायटीच्या सभासदांना प्रश्नावली पाठवली आणि १८७४ साली इंग्रज शास्त्रज्ञांवर पुस्तक लिहिले. प्रश्नावली हे साधन म्हणून नवे आणि मोलाचे होते. पण ती ज्यांना गेली ते सगळे आधीच यशस्वी झालेले लोक होते. ज्याला शाळाच मिळाली नाही त्याला कोणी पत्र पाठवले नाही.

त्यानंतर मात्र गाल्टनने खरोखर मोजायला सुरुवात केली, आणि इथे त्याच्याविषयी मनापासून आदर वाटतो. १८७५ साली त्याने ‘स्वीट पी’ या फुलवेलीचे बी वजनाप्रमाणे सात गटांत निवडून मित्रांना लावायला दिले. पीक आल्यावर असे दिसले की जड बियांच्या पोटी बी जड निपजते खरे, पण आईइतके जड नाही. आणि हलक्या बियांच्या पोटी आईइतके हलके नाही. दोन्ही बाजूंचे वंशज सरासरीकडे सरकलेले होते. हेच माणसांत तपासण्यासाठी त्याने १८८४ साली पाचशे पौंडांची बक्षिसे जाहीर करून इंग्रज कुटुंबांकडून पिढ्यांच्या नोंदी मागवल्या. त्यांतून २०५ आईबापांच्या जोड्या आणि त्यांची ९२८ मोठी झालेली मुले यांच्या उंच्या त्याने एका तक्त्यात मांडल्या. स्त्रियांच्या उंचीला १.०८ ने गुणून ती पुरुषांच्या पातळीवर आणली आणि आई व बाप यांची मधली उंची काढली. सरासरी आली सव्वा अडुसष्ट इंच. आईबाप त्यापेक्षा तीन इंच उंच असतील तर त्यांची मुले सरासरीपेक्षा सुमारे दोनच इंच उंच निघत होती. तक्त्यातले सारखे आकडे जोडल्यावर एकाच मध्याभोवती लंबवर्तुळे तयार होतात हे त्याला दिसले, आणि त्या आकृतीचे गणित त्याने केंब्रिजच्या हॅमिल्टन डिक्सन या गणितज्ञाकडून करवून घेतले. आज रोगाचे कारण शोधणारा वैद्य, पिकाचा अंदाज बांधणारा कृषितज्ज्ञ आणि बाजाराचा कल पाहणारा अर्थतज्ज्ञ जी प्रतिगमनाची रेषा, म्हणजे एका मापावरून दुसऱ्याचा अंदाज देणारी रेषा, काढतो ती या तक्त्यातून जन्माला आली. १८८८ साली सहसंबंधाचे गणित आले, तेही याच वाटेने.

हा तक्ता सुप्रजननाविषयी काय सांगतो? एक तर, कोणत्याही ठरावीक उंचीच्या आईबापांची मुले कितीतरी वेगवेगळ्या उंचीची निघतात. एकाच ओळीतले आकडे दूरवर पसरलेले आहेत. दुसरे, टोकाची माणसे निवडली तरी पुढची पिढी पुरती टोकाला राहत नाही. तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, हे सरकणे उलट दिशेनेही होते. फार उंच मुलांचे आईबाप पाहिले तर तेही सरासरीच्या जवळचे दिसतात. मुलांचे गुण आईबापांत ‘उतरले’ असे तर कोणी म्हणणार नाही. म्हणजे ही रक्तातली ओढ नव्हे, दोन मापांचा संबंध अपुरा असला की आकड्यांमध्ये आपोआप दिसणारी ही गोष्ट आहे. गाल्टनला दुसऱ्या दिशेची ही गोष्ट दिसली होती, त्याने ती लिहूनही ठेवली. तरीही त्याने प्रतिगमनाचा अर्थ असा लावला की पूर्वजांचा वारसा वंशाला मागे खेचतो. आणि उंचीचा हा तक्ता त्याने बुद्धी, शील, नागरिक म्हणून लायकी या सगळ्यांचा तक्ता असल्यासारखा वापरला. उंची इंचपट्टीने मोजता येते. लायकीची पट्टी त्याच्याकडे नव्हती.

बोटांच्या ठशांची कथा आपल्या देशाशी जोडलेली आहे. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या मुलकी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला आणि पुढे अनेक वर्षे तो ठसे जमवत राहिला. त्याच्या संग्रहात एकाच माणसाचे अनेक वर्षांच्या अंतराने घेतलेले ठसे होते. त्यांवरून गाल्टनने ठसे आयुष्यभर बदलत नाहीत हे पक्के केले आणि १८९२ साली ग्रंथ लिहिला. वर्गीकरणाची पद्धत नंतर कलकत्त्यात एडवर्ड हेन्रीच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी व्यवहारात आणली, आणि १८९७ साली तिथे ठशांचा विभाग सुरू झाला. हा इतिहास पुष्कळांना ठाऊक आहे. त्याच ग्रंथातली दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ठशांत वंशाची आणि वर्गाची खूण सापडेल अशी गाल्टनची अपेक्षा होती. त्याने इंग्रज, वेल्श, ज्यू, बास्क आणि आफ्रिकी लोकांचे ठसे ताडून पाहिले. शास्त्राचे विद्यार्थी, कलेचे विद्यार्थी, शेतमजूर आणि मतिमंदांच्या आश्रमातली माणसे यांचेही पाहिले. कोणत्याही गटाची म्हणून ओळखता येईल अशी खूण त्याला मिळाली नाही, आणि त्याने ते स्वच्छ लिहिले. प्रत्येक माणूस दुसऱ्यापासून वेगळा आहे, पण तो कोणत्या गटाचा हे बोट सांगत नाही. हा निष्कर्ष त्याच्या हाती होता. त्याने तो ठशांपुरता ठेवला.

याउलट १९०१ साली त्याने काय केले ते पाहा. मानवी वंशसुधारणेवर त्याने एक मोठे व्याख्यान दिले. चार्ल्स बूथने त्या आधी लंडनच्या गरिबीची घरोघर पाहणी करून लोकांचे उत्पन्न आणि रोजगार यांवरून वर्ग पाडले होते. सर्वांत खालच्या वर्गात भटके, अधूनमधून मजुरी करणारे, किरकोळ गुन्हे करणारे. त्यावर अतिशय गरीब, मग गरीब, मग बरा रोजगार असलेले, अशी ती चढण होती. गाल्टनने माणसांच्या नैसर्गिक लायकीची घंटेच्या आकाराची, म्हणजे मध्याला बहुतेक आणि दोन्ही टोकांना थोडी माणसे दाखवणारी, आलेखरेषा घेतली आणि बूथचे वर्ग तिच्यावर बसवले. उत्पन्नाची उतरंड ही लायकीची उतरंड झाली. बूथच्या पाहणीतून आजारपण, कामाचा अनियमितपणा आणि म्हातारपण ही गरिबीची मोठी कारणे म्हणून पुढे आली होती. गाल्टनच्या आलेखात त्यांना जागा नव्हती. पुढे त्याने तान्ह्या मुलांची किंमतही काढली. इसेक्समधल्या शेतमजुराच्या मुलाची सरासरी किंमत विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाने पाच पौंड धरली होती. सर्वोच्च प्रतीच्या मुलाची किंमत हजारो पौंड भरेल, असे गाल्टन म्हणाला. पाळण्यातल्या मुलाचे त्याने काहीच मोजले नव्हते. बापाची मिळकत तेवढी पाहिली होती. मला त्याच्या साऱ्या लिखाणात हे पान सर्वांत वाईट वाटते, कारण इथे क्रौर्य अगदी शांतपणे, हिशेबाच्या वहीतल्या नोंदीसारखे येते.

विचाराची चळवळ व्हायला माणसे, पैसा आणि संस्था लागतात. १६ मे १९०४ रोजी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये समाजशास्त्र सोसायटीपुढे गाल्टनने सुप्रजननाची व्याख्या आणि उद्दिष्टे मांडली. अध्यक्षस्थानी त्याचा शिष्य कार्ल पियर्सन होता. हा विचार नव्या धर्मासारखा राष्ट्राच्या मनात रुजवला पाहिजे, असे गाल्टन म्हणाला. चर्चेत कादंबरीकार एच. जी. वेल्सने तर यशस्वी लोकांची निवड करण्यापेक्षा अपयशी लोकांना निर्बीज करण्यातच सुधारणेची शक्यता असल्याचे सांगितले. गाल्टनचा स्वतःचा भर लायक तरुण-तरुणींना प्रमाणपत्रे देऊन लवकर लग्ने लावून देण्यावर होता, पण सभागृहातला सूर कुठे चालला आहे हे त्याच दिवशी कळत होते. त्याच वर्षी त्याने लंडन विद्यापीठाला दीड हजार पौंड दिले, १९०७ साली सुप्रजनन शिक्षण संस्था निघाली आणि तो तिचा सन्माननीय अध्यक्ष झाला. १९०९ साली त्याला ‘सर’ किताब मिळाला. १९१० साली, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, त्याने एक कादंबरी लिहिली. तिच्यातल्या काल्पनिक राज्यात एक सुप्रजनन महाविद्यालय परीक्षा घेते, उत्तीर्णांना विवाहाची अनुज्ञा देते आणि नापासांना कामगार वसाहतींत पाठवते. त्यांनी परवानगीशिवाय मुले जन्माला घालणे हा गुन्हा आहे. प्रकाशकाने ती नाकारली आणि त्याच्या मृत्यूनंतर एका भाचीने तिची बरीच पाने नष्ट केली. जी उरली ती वाचली तर गाल्टन सौम्य आणि त्याचे अनुयायी कठोर, हे समाधान टिकत नाही. १७ जानेवारी १९११ रोजी तो वारला आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये सुप्रजननाचे अध्यासन काढण्यासाठी पंचेचाळीस हजार पौंड ठेवून गेला. पहिला प्राध्यापक अर्थात पियर्सन.

पुढचा इतिहास आपण बहुतेक जण जाणता, म्हणून एकच प्रकरण सांगतो. अमेरिकेत इंडियाना राज्याने १९०७ साली सक्तीच्या निर्बीजीकरणाचा पहिला कायदा केला. १९२७ साली व्हर्जिनियातल्या कॅरी बक या तरुणीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एकाविरुद्ध आठ मतांनी तिला निर्बीज करण्याची परवानगी मिळाली. न्यायमूर्ती होम्स यांनी निकालपत्रात मतिमंदांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या, असे लिहिले. तिसरी पिढी म्हणजे कॅरीची तान्ही मुलगी व्हिव्हियन. ती पुढे शाळेत गेली, एका सत्रात गुणवंतांच्या यादीत आली आणि १९३२ साली आठ वर्षांची असताना आजारपणात गेली. तिची ‘प्रत’ ती तान्ही असतानाच ठरवली गेली होती. अमेरिकेत अशा साठ हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. जर्मनीत १४ जुलै १९३३ च्या कायद्याने सुमारे चार लाख लोकांना निर्बीज केले गेले, आणि तिथून पुढे रुग्णांच्या हत्येपर्यंतची वाट फार लांब नव्हती.

मघाशी नैर्ऋत्य आफ्रिकेचा मुलूख लक्षात ठेवायला सांगितले होते. गाल्टनने ज्या हेरेरो लोकांच्या प्रदेशातून प्रवास केला तो पुढे जर्मन वसाहत झाला आणि १९०४ ते १९०८ या काळात तिथे हेरेरो व नामा लोकांचा भीषण संहार झाला. त्याच वसाहतीत १९०८ साली ऑयगेन फिशर हा जर्मन मानवशास्त्रज्ञ मिश्रवंशीय कुटुंबांची मापे घ्यायला गेला आणि पुढे बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेचा संचालक झाला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस या संस्थेत फिशरच्या हाताखाली पुण्याहून एक विद्यार्थिनी डॉक्टरेट करायला गेली. त्या इरावती कर्वे. कवटीच्या दोन बाजूंतला असमतोल वंशाप्रमाणे कमीजास्त असतो का, हा त्यांचा विषय. फिशरची अपेक्षा युरोपीय कवट्या वेगळ्या निघतील अशी होती. समोर युरोपीय कवट्या होत्या, तशाच आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्याही. इरावतीबाईंनी मापे घेतली, आणि असमतोलाचा वंशाशी संबंध नाही, असा निष्कर्ष मांडला. परक्या देशात, मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध, पंचविशीच्या आसपासच्या एका मराठी स्त्रीने हे लिहिले. त्यांची मोजण्याची परंपरा गाल्टनचीच होती. तिचा उपयोग त्यांनी गाल्टनला न जमलेल्या रीतीने केला: माप जे सांगते ते शेवटपर्यंत ऐकले.

महाराष्ट्रात सुप्रजननाचा विचार याच सुमारास बोलला जात होता. ना. सी. फडके यांनी १९२७ साली भारतात सुप्रजननाची चळवळ हवी, अशी बाजू मांडणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. आणि जातिव्यवस्था म्हणजे आपल्या पूर्वजांनी ओळखलेले सुप्रजननच, असे सांगणारे विद्वानही पुढे आले. या युक्तिवादाचा सर्वांत नेमका समाचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली घेतला, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि प्रत्यक्षात न झालेल्या भाषणात. त्यांचे तर्कशास्त्र पाहण्यासारखे आहे. पंजाबच्या ब्राह्मणाचे वांशिक नाते मद्रासच्या ब्राह्मणाशी नाही, पंजाबच्याच चांभाराशी आहे. तेव्हा जात म्हणजे वंश नव्हे. सुप्रजनन म्हणजे विचारपूर्वक जोडीदार निवडणे असेल, तर जात ती निवड करतच नाही. कोणाशी लग्न करायचे नाही एवढेच ती सांगते, जातीतल्या कोणत्या दोघांनी करावे याविषयी ती गप्प आहे. जातीचे मूळ सुप्रजननात असेल तर पोटजातींचेही तेच मानावे लागेल, आणि ते तर कोणी गंभीरपणे म्हणणार नाही. शिवाय रक्तशुद्धीसाठी रोटीबंदी कशाला? एका पंगतीला जेवल्याने रक्त बिघडत नाही. बाबासाहेबांनी सुप्रजननाच्या भाषेत बोलणाऱ्यांना त्याच भाषेत, तिच्याच अटींवर तपासले आणि रिकाम्या हाताने परत पाठवले.

आता कोणी श्रोता विचारेल की मग आनुवंशिकता खोटी म्हणायची का. तसे मुळीच नाही. गाल्टनचा उंचीचा तक्ता खरा आहे आणि उंचीत आईबापांचा वाटा मोठा आहे, हे त्यानंतरच्या संशोधनानेही दाखवले आहे. पण आईबापांचा वाटा मोठा असणे आणि सबंध समाजाची सरासरी जागची न हलणे या वेगळ्या गोष्टी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला नेदरलँड्समधले तरुण सरासरीने १६५ सेंटिमीटरच्या आसपास होते. आज ते १८३ च्या पुढे आहेत आणि जगातल्या सर्वांत उंच लोकांत मोडतात. जपानमध्येही विसाव्या शतकात अशीच मोठी वाढ झाली. इतक्या थोड्या पिढ्यांत रक्त बदलत नाही. बदलले ते लहान मुलांचे खाणे, पिण्याचे पाणी आणि बालपणीच्या आजारांचे प्रमाण. गाल्टनच्या प्रयोगशाळेत १८८४ साली जे तीन पेन्स देऊन आत गेले होते त्यांच्या उंचीतही या गोष्टींचा वाटा होता, आणि तिथल्या कार्डावर त्यांच्यासाठी रकाना नव्हता.